सहाच्या घंटेआधी

लीड्स
शनिवार, ११ मार्च २००६

प्रिय उल्का,

तू भिंतीपलीकडे झोपली आहेस आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुला पत्र लिहिते आहे. एका घरात असून पत्र! तू जागी असतीस तर म्हणाली असतीस, "सुची, तुझं डोकं पाचगणीलाच राहिलं." असेलही. मुरलीधर त्यांच्या भाजीच्या वाफ्यांवर गेले आहेत, चारच्या आत परतत नाहीत. जेवणानंतरच्या गोळ्यांनी तुला गुंगी आली आहे. मघाशी दार किंचित ढकलून पाहिलं, तर प्लास्टरमधला हात पोटावर ठेवून, तोंड उघडं टाकून, हॉस्टेलमध्ये झोपायचीस तश्शीच झोपली होतीस. डोक्याखाली तुझी ती छोटी उशी, सावरीच्या कापसाची, निळ्या फुलांच्या अभ्र्याची. दुसऱ्याच्या उशीवर तुला झोप लागत नाही, हे मी अठ्ठेचाळीस वर्षं ऐकते आहे. स्कॉटलंडलासुद्धा ती बगलेत मारून आलीस.

जे समोर बसून बोलायचं ते लिहिते आहे, कारण समोर बसलं की तू हसण्यावारी नेतेस आणि मी नेऊ देते. कालपासून मी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा तूच विचारलंस, चहात साखर घातलीस का. दुसऱ्यांदा तुझ्या चेहऱ्यावर असं काही होतं की साखरेचं मीच विचारलं. उद्या सव्वाअकराच्या ट्रेनने तू बर्मिंगहॅमला लेकीकडे, स्वरालीकडे जाशील. त्याआधी हे लिहून व्हायला हवं.

आधी चांगलं ते लिहू दे, म्हणजे हात सरावेल. तुला सिस्टर वॉलबुर्गा आठवतात ना, त्यांच्या त्या काळ्या पानांच्या अल्बमसकट? सोळा वर्षांच्या वॉलबुर्गा, लांब लोकरी झगा, पायांत दोन लाकडी फळ्या, आणि मागे स्वित्झर्लंडचा तो डोंगर. नन झालेल्या बाईला कधीकाळी केस होते, याचंच आपल्याला केवढं नवल! शनिवारी कॉरिडॉरला पॉलिश झालं की त्या आपल्याला मोजे घालून घसरू द्यायच्या. "गुडघे, मुलींनो, गुडघे! जी गुडघे वाकवते ती पडत नाही." मदर सुपिरिअर आल्या की त्याच सिस्टर आपल्याला शिस्तीबद्दल रागवायला लागायच्या. आणि मग आपण दोघींनी हॉस्टेलमागच्या गवताच्या उतारावर तुझ्या ट्रंकेचं झाकण नेलं. पुढे तू, मागे मी. मी तुझ्या कमरेला मिठी मारून डोळे गच्च मिटलेले. तू ओरडायचीस, "मी बघते आहे ना, तू नुसती धर!" शेवटी घाणेरीच्या झुडपात जाऊन पडायचो, ते वेगळं. दहावीत असताना ठरवलं होतं, एकदा तरी खऱ्या बर्फावर. मग तुझं उदयशी लग्न झालं, तू पुण्याला. त्र्याहत्तर साली मी या देशात आले आणि तेहतीस हिवाळे खिडकीतून बर्फ बघत भाजी चिरली.

उदय गेल्यावर स्वरालीने तुला इकडे आणलं तेव्हा मला वाटलं होतं, आता महिन्याला भेटू. कसलं काय. तिची आणि अपूर्वची बँकेची नोकरी, आणि अक्षया लहान. घर तूच सांभाळतेस. मग या जानेवारीत एकदम तुझा फोन, "सुची, तुझे गुडघे अजून वाकतात का?" मी हसले. तू म्हणालीस, "हसू नकोस. याच वर्षी. पुढच्या वर्षाचं काही खरं नाही." मला वाटलं, वयाचं म्हणते आहेस. मुरलीधर आठवडाभर चिडवत होते. "दोघींची मिळून एकशेसोळा वर्षं, आणि निघाल्या बर्फावर घसरायला. येताना मोजून हाडं आणा." त्यांचं बोलणं तुझ्या हाताला बाधलं म्हणून ते कालपासून माझ्याशीही अदबीने बोलताहेत.

मंगळवारी आपण निघालो तेव्हा मी किल्ली तुझ्यापुढे धरली होती. तुला आठवतं? माझ्या हातातून किल्ली हिसकावून घेणारी तू. पुण्यात बायका लुनाही चालवत नव्हत्या तेव्हा फियाट चालवणारी, इथे छप्पन्नाव्या वर्षी पहिल्या फटक्यात टेस्ट पास होऊन परीक्षकालाच पेढा देणारी. तू म्हणालीस, "तुझी गाडी, तूच चालव." मी खूश झाले. म्हटलं, बाई निवळल्या. एडिंबरा ओलांडेपर्यंत तू गाणी म्हणत होतीस. चहाला थांबलो तिथे ट्रे घेऊन चाललेल्या एका माणसावर तू आदळलीस आणि त्यालाच म्हणालीस, जरा बघून चालावं. तोही बिचारा सॉरी म्हणाला. इथले लोक खांबालाही सॉरी म्हणतात, यावर आपण पुढचे दहा मैल हसलो. तो तुझ्या डावीकडून आला होता. हे मी तेव्हा टिपलं नव्हतं. आता मागे जाऊन एकेक टिपते आहे.

ब्लेअरगाउरीच्या त्या घरगुती हॉटेलात सकाळी मी तुझा चहा डाव्या हाताशी ठेवला आणि तू तो टेबलक्लॉथवर सांडलास. "टेबल केवढंसं, चिमणीचं," म्हणालीस. रस्त्याने चालताना मला दंडाला धरून डावीकडे घेतलंस. "तू या बाजूला राहा गं. मला सवय आहे." सवय कधीपासून, ते मी विचारलं नाही. तीन दिवस मी तुझ्या डावीकडे होते. पायऱ्यांवर, दुकानात, बर्फात. मैत्रिणीने दंड धरला की वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीही छान वाटतं. मी त्या छान वाटण्यातच होते.

ग्लेनशीच्या बर्फाळ उतारांवरचा पहिला दिवस मात्र खरंच आपला होता. ते बूट! पायात घातले की माणूस पायमोजे घातलेल्या हत्तीसारखा चालतो. आणि आपली शिक्षिका मोइरा, पन्नाशीची, सुरकुत्यांचं जाळं असलेली, आवाज खणखणीत. ती तुला "हेन" म्हणाली आणि तू माझ्याकडे वळून मराठीत, "साताऱ्याच्या निंबाळकरांच्या लेकीला कोंबडी म्हणते ही?" ते तिकडचं लाडाचं संबोधन आहे असं मी सांगितलं, तर दिवसभर तू मला कोंबडी म्हणत राहिलीस. फळ्यांची टोकं जवळ आणायची आणि टाचा फाकवायच्या की वेग कमी होतो, हे मला संध्याकाळपर्यंत जमलं. तुला अर्ध्या तासात. मोइरा ओरडली, "नीज, लेडीज, नीज!", म्हणजे तेच, गुडघे, तेव्हा आपण दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, वॉलबुर्गा आठवल्या. आठवल्याच असतील. पण तू त्या दिवशी सगळंच फार निरखून बघत होतीस. दुपारी कॉफी प्यायला बसलो तर कप गार होईपर्यंत समोरच्या डोंगराकडे बघत राहिलीस, मान अगदी हळू डावीकडून उजवीकडे फिरवत. जसं काही पाठ करते आहेस.

वर नेणारी ती दांडी, उलट्या टी अक्षरासारखी, दोघींच्या मागे अडकते. त्यावर बसायचं नाही, नुसतं टेकायचं. मला तिची धडकी भरली होती. तू म्हणालीस, "तू डावीकडे राहा, म्हणजे झालं." दांडी आली की मी "आली" म्हणायचं, असं आपलं ठरलं. दर वेळी मी "आली" म्हणत होते आणि तू टेकत होतीस. मला वाटत होतं, मी घाबरट म्हणून तू मला काम लावून दिलं आहेस. शाळेतही असंच करायचीस.

आता गुरुवार. इथून पुढे माझा हात जड होतो आहे.

सकाळी धुकं होतं, हे खरं. साडेदहाला एवढं उतरलं की मोइराने आपल्याला आत बसवून गरम चॉकलेट प्यायला लावलं. पण अकरापर्यंत ते गेलं, उल्का. डोंगर घासून पुसून ठेवल्यासारखा लख्ख झाला. आपण दोघी पाचगणीच्या धुक्यात वाढलो. समोरच्या रांगेतली मुलगी दिसायची नाही तेव्हा घंटेच्या आवाजावर चालायचो. धुकं कशाला म्हणतात ते आपल्याला कुणी सांगायला नको. पाऊण वाजता धुकं नव्हतं.

तू म्हणालीस, "तू खाली उतर आणि माझा फोटो काढ. एकदा मला एकटीला येऊ दे." मी खाली गेले. तीन दिवसांत पहिल्यांदाच मी तुझ्या डावीकडे नव्हते. तू निघालीस. गुडघे असे वाकलेले, की वॉलबुर्गांनी मेडल दिलं असतं. लाल टोपी, तोंडभर हसू. त्याच वेळी तुझ्या डावीकडून ती पोर आली. पाच वर्षांची असेल, नारिंगी कोट, डोक्यावर हेल्मेट. ती काही सुसाट आली नाही. अंगणातून चालत यावी तशी आडवी, सावकाश येत होती आणि तिचा बाप मागून "केटी, केटी" करत होता. तुझ्यात आणि तिच्यात काहीही नव्हतं. ना खांब, ना माणूस. मी मोजलं नव्हतं, पण आता डोळे मिटले की मोजते. एक, दोन, तीन, चार. चार आकडे ती उघड्यावर होती. मी ओरडले, "उल्का, डावीकडे!" तू ऐकलंस. ऐकलंस म्हणून तर हसून माझ्याकडे हात हलवलास.

मग तुम्ही दोघी पडलात. तुझी फळी तिच्या हेल्मेटच्या बाजूने गेली. वीतभर अंतर असेल, कदाचित कमीच. मला धावता येईना त्या बुटांत. मी रांगत वर आले. तू हात पोटाशी धरून बर्फात बसली होतीस आणि विचारत होतीस, "मूल कुठाय? सुची, मूल कुठाय गं?" तू उजवीकडे शोधत होतीस. केटी तुझ्या डाव्या कोपराला लागून बसली होती, रडत होती.

तिला काही झालं नाही. बापाने उचलली, बर्फ झटकला, मुलं रबराची असतात म्हणाला, उलट तुझ्याच हाताची चौकशी केली. डोंगरावरच्या मदतीच्या माणसाने कागद काढला आणि विचारलं, कसं झालं. तू म्हणालीस, "धुकं आलं." त्याने वर सूर्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मी म्हटलं, "हो, एक पट्टा आला होता." त्याने लिहून घेतलं. ते खोटं माझ्या तोंडचं आहे, तुझ्यापेक्षा माझ्या अंगावर जास्त आहे. माझ्या गळ्यात कॅमेरा होता, उल्का. हात हलवतेस त्या क्षणी माझं बोट दाबलं गेलं होतं. माझ्या मुलाने दिलेला तो छोटा डिजिटल कॅमेरा, त्याच्या मागच्या चौकोनात सगळं दिसतं. तुझी सावली निळी, काठ कापल्यासारखी. कडेला नारिंगी कोट.

गावच्या हॉस्पिटलात तुला एक्सरेला आत नेलं, तेव्हा काउंटरवरच्या बाईने तुझ्या बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांचं नाव विचारलं. मी तुझी पर्स उघडली. आतल्या कप्प्यात पाकीट होतं, वर डॉक्टरांचं नाव. मला वाटलं, यातच पत्ता असेल. पाकिटाची जीभ उघडी होती. दुसऱ्याचं पत्र वाचणं हे पाप आहे, असं आपल्याला आपली पत्रं वाचणाऱ्या सिस्टरच शिकवायच्या. ते पाप मी केलं. चष्म्याच्या दुकानातल्या माणसाने डॉक्टरांना लिहिलेलं पत्र, तू नेऊन द्यायचं. तारीख चौदा नोव्हेंबर. काचबिंदूची शंका. डाव्या डोळ्याची बाजूची नजर बरीच गेलेली, उजव्याला सुरुवात. तातडीने तज्ज्ञांकडे पाठवावे. आणि खाली एक ओळ, ती मी तीनदा वाचली. मग होतं तसं ठेवून दिलं. तू बाहेर आलीस, हाताला प्लास्टर, चेहऱ्यावर हसू. "बघ, डाव्याच हाताला झालं. उजव्याने पोळ्या लाटता येतील." मी तुझी पर्स तुझ्या हातात दिली.

त्या संध्याकाळी तू स्वरालीला फोन केलास. धुकं, पाय घसरला, मनगट, सहा आठवडे. त्या पोरीचा उल्लेखही नाही. मग रिसीव्हर माझ्याकडे दिलास. ती विचारत होती, "सुचेतामावशी, खरंच फार लागलं नाही ना? आई लपवते." मी म्हटलं, "नाही गं, धुक्यात काही दिसत नव्हतं." फोन ठेवल्यावर तू माझा हात आपल्या डोक्यावर ठेवलास आणि म्हणालीस, "त्या मुलीचं स्वरालीला सांगायचं नाही. माझी शपथ आहे." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तुझे केस किती विरळ झालेत, एवढंच हाताला कळलं.

काल परतताना सहा तासांत तू एकदाच बोललीस. तो समुद्रावरचा मोठा पूल लागला तेव्हा विचारलंस, "तिचं नाव काय होतं गं?" मी म्हटलं, माहीत नाही. आपल्या दोघींनाही माहीत होतं.

मला तुझी आई आठवते. दिवाळीच्या सुट्टीत मी तुमच्याकडे साताऱ्याला यायची, तेव्हा त्या भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात यायच्या. मोजून सात पावलं, मग उंबरा. मला जवळ बसवून माझ्या तोंडावरून हात फिरवायच्या, "सुची वाळली" म्हणायच्या. तू तेव्हा उठून बाहेर निघून जायचीस. चष्म्याच्या दुकानात त्या माणसाने काचबिंदूचं नाव उच्चारलं, तेव्हा तुला भिंतीवरचा तो हात दिसला असणार. मला कळतं. पण तुझ्या आईला औषध मिळालं नव्हतं, उल्का. साताऱ्याला तेव्हा कुणाला ठाऊक होतं? आता रोज थेंब घालतात डोळ्यांत. गेलं ते येत नाही, पण आहे ते राखता येतं. तू चार महिने ते राखणं पाकिटात घालून हिंडते आहेस.

आणि एवढंच असतं तर मी गप्प बसले असते, हेही खरं सांगते. तुझे डोळे, तुझं आयुष्य. मी रडले असते, तुला डॉक्टरकडे चल म्हणून पिडलं असतं, आणि शपथ पाळली असती.

आता ते सांगते, जे मला खरं सांगायचं आहे. आपल्या हॉस्टेलचा एक कायदा होता, तो सिस्टरांना कधी कळला नाही. चहाडी करायची नाही. काही झालं तरी नाही. पण जिने पाहिलं तिने गप्पही बसायचं नाही. तिने उशीखाली चिठ्ठी ठेवायची. चिठ्ठीवर दोनच शब्द, "आय सॉ." मराठीत चिठ्ठी सापडली तर शिक्षा दुप्पट, म्हणून इंग्रजीत. चिठ्ठी मिळाली की दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळच्या सहाच्या घंटेपर्यंत वेळ. तेवढ्यात आपण होऊन जाऊन सांगायचं. घंटा झाली की जिने पाहिलं ती सांगायला मोकळी. मला ती चिठ्ठी एकदाच मिळाली. नववीत, शिवणाच्या खोलीत इस्त्री तशीच तापत ठेवून मी खेळायला पळाले आणि चॅपेलच्या वेदीवरचं कापड जळालं, तेव्हा. आळ आला कामवाल्या फिलोमिनाबाईंवर. त्यांना गावी परत पाठवायचं ठरत होतं. मी दोन दिवस जेवत होते, झोपत होते, प्रार्थनेला उभी राहत होते, आणि त्या भांडी घासता घासता डोळे पुसत होत्या. तिसऱ्या रात्री उशीखाली हात गेला तर कागद. अक्षर तुझं. मी तुझा किती राग केला! दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना मी मदरच्या दारापाशी उभी होते. पाय हलेनात. तू मागून आलीस, दार ठोठावलंस आणि बाजूला झालीस. मी आत सगळं सांगितलं. बाहेर आले तेव्हा घंटा होत होती आणि तू तिथेच होतीस, एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाने डास मारत. खिशातली अर्धी पेपरमिंट काढून दिलीस. महिनाभर मला रविवारची खीर बंद झाली. पण फिलोमिनाबाई राहिल्या, आणि मला पुन्हा झोप लागायला लागली.

पत्रातली ती शेवटची ओळ अशी होती, उल्का: "तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नये, असे यांना सांगितले आहे." चौदा नोव्हेंबरला सांगितलं होतं. नाताळात स्वराली हसत हसत मला म्हणाली होती, या हिवाळ्यात गाडीचा डावा आरसा दोनदा तुटला, अपूर्व म्हणतो आई रॅलीत उतरल्यात. मीही हसले होते. रोज सकाळी साडेआठला तू अक्षयाला नर्सरीत सोडतेस. ती मागे डावीकडे बसते. डावीकडेच फूटपाथ असतो, आणि त्यावर बाकीची मुलं, कुणी नारिंगी कोटातली, कुणी हात सोडून पुढे पळणारी. मला माहीत आहे, स्वरालीच्या घरात तुझं स्वतःचं असं काही असेल तर ती किल्ली. ती गेली की उरेल काय, ही तुझी भीती आहे. आजी उरेल. पोळ्या उरतील, गाणी उरतील. अक्षयाला बोट धरून बसने नेणारी उरेल, तिलाच तुझ्या डावीकडे घे. हाताला सहा आठवडे प्लास्टर आहे, तोवर गाडी बंदच, हे देवाने, नाहीतर केटीने, आपल्याला दिलेले दिवस आहेत. पण प्लास्टर निघण्याची वाट मी बघणार नाही. पुढच्या रविवारी, एकोणीस तारखेला, दुपारच्या ट्रेनने मी बर्मिंगहॅमला येते आहे. मुरलीधरना सांगून झालं आहे, कारण सांगितलेलं नाही. सहाच्या आत तू स्वरालीला बसवून तिच्या हातात ते पाकीट दे. केटीचं सांग. धुक्याचं खोटं मी बोलले तेही सांग, माझी बाजू घेऊ नकोस. सहा वाजून गेले तर मी आत येईन आणि मी सांगेन. शपथ मोडल्याचं काय ते मी आणि देव बघून घेऊ. पण मला आत यायला लावू नकोस गं. उद्या सकाळी तू आंघोळीला गेलीस की हे पत्र मी तुझ्या उशीच्या अभ्र्यात सारीन, निळ्या फुलांच्या आत. उद्या रात्री तुझ्या हाताला लागेल. राग कर, तो करण्याचा हक्क आहे तुला. मीही केला होता. फक्त रविवारी आत जा आणि सांगून बाहेर ये. मी जिन्यापाशी अक्षयाला घेऊन उभी असेन, खिशात पेपरमिंट घेऊन, तुझ्या डावीकडे.

आय सॉ.

अजूनही तुझी आणि तुझीच,
सुची